मी न लिहिलेलं पत्र

अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. आयुष्य कॉम्प्युटरसमोर गेलं. जे घडतं त्याची कुठेतरी नोंद असते, नोंद नसेल तर ते घडलंच नाही, असं मानणारा मी माणूस. हे लिहायला इतकी वर्षं लागली ती भीतीमुळे नाही... लाज वाटते म्हणून.

शहाण्णव-सत्त्याण्णव सालची गोष्ट. शिरवळला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी ई.डी.पी. विभागात होतो. विभाग म्हणजे मी, दोन कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सगळ्या ऑफिसला हेवा वाटणारा ए.सी. घर कराडला, शिरवळला खोली घेऊन राहायचो. कामगारांच्या वैद्यकीय तपासणीच्या फायली कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे होतं. यातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही, असं मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे, पासवर्ड फक्त मला माहीत. त्याची मला थोडी ऐटही होती.

स्टोअरमधला विलास माझा मित्र. आम्ही एकाच खानावळीत जेवायचो. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न आमच्याच पॅकिंग विभागातल्या मंगलशी जमलं होतं. पण मुलीला मागे छातीचं काहीतरी दुखणं झालं होतं, असं विलासच्या कानावर आलं, आणि तो माझ्या मागे लागला. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो येऊन बसला.

"नुसतं बघून सांग रं गड्या," तो म्हणाला. "भावाच्या जन्माचा प्रश्न हाय."

मी फाईल उघडली. नुसतं बघून सांगितलं नाही, प्रिंटच काढली. दोन पानं होती. पहिल्यावर तीन वर्षांपूर्वीचं टीबीचं निदान. पान बाहेर येताच विलासने ते फाडून घेतलं, वाचलं आणि तडक निघून गेला. दुसरं पान मागाहून सावकाश छापून आलं — उपचार पूर्ण, एक्स-रे स्वच्छ, प्रकृती पूर्ण बरी. विलास अजून व्हरांड्यातच होता. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी मारली नाही. आपण काय करून बसलो, ते तेव्हा कळलं. पान खिशात घातलं, संध्याकाळी नीरेच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि त्याचे बारीक तुकडे करून पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशीही विलासला काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा तो विषय निघाला असता ना...

लग्न मोडलं. आजार टीबीचा होता हे दवाखान्याबाहेर कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनीच ते बाहेर सांगितलं, असं मंगलला वाटलं. तिने तक्रार केली. सिस्टरना खुलासा देण्याची नोटीस निघाली. साहेबांनी मलाही बोलावून विचारलं, कॉम्प्युटरवरून काही गेलं असेल का? मी म्हणालो, शक्यच नाही. बाहेर आलो तर सिस्टर बाकावर बसलेल्या, मांडीवर नोटिशीचा कागद. त्यांनी मला माझ्या आईची तब्येत विचारली. मी काहीतरी पुटपुटलो आणि निघालो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मंगल माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. आता हिला सगळं कळलंय, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं.

"सर," ती म्हणाली, "तुमचं पत्र मिळालं."

मी तिला कसलंही पत्र लिहिलेलं नव्हतं. तेवढं सांगायच्या आत तिने पाकीट पुढे केलं. आत रेघांच्या वहीची दोन पानं. विलास काय म्हणाला, मी काय छापलं, काय लपवलं, पुलावर जाऊन काय केलं, सगळं त्यात होतं. अक्षर माझं. 'कबूल' मी कायम चुकीचं लिहितो, पहिला उकार देऊन, तेही तसंच. खाली माझी सही. पाकिटावर कराडचा शिक्का, मंगळवारचा. त्या मंगळवारी मी शिरवळला ड्युटीवर होतो, त्या आठवड्यात घरी गेलोच नव्हतो.

आणि पत्राच्या घडीत ते दुसरं पान होतं. अखंड. प्रिंटरच्या कागदाला असते ती कडेची भोकांची पट्टीसुद्धा शाबूत.

"लय राग आला हुता," मंगल म्हणाली. "पर तुमी सोताहून सांगितलंसा. कोण सांगतंय असं? सिस्टरची माफी मागितली मी. तक्रार बी मागं घेतली. तुमचं नाव कुणाला सांगितलं न्हाई."

हे मी लिहिलेलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं."

हे पान विलासच्या घरी दाखवणार का, असंही मी विचारलं. त्या घरात आता मलाच जायचं न्हाई, म्हणाली. पत्र नीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि गेली.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटर तपासला. कोणती फाईल कितीदा छापली, हे त्यात उमटायचं. मंगलची फाईल एकदाच छापलेली होती. त्या चहाच्या सुट्टीत.

बऱ्याच वर्षांनी सातारा स्टँडवर ती भेटली. सोबत नवरा आणि लहान मुलगी. नवऱ्याला म्हणाली, हे ते सर, सोताहून खरं लिवणारे. त्या भल्या माणसाने मला हात जोडले. मी मुलीला विचारलं, कितवीत आहेस? ती दुसरीत होती.

बायकोला नंतर मी सगळं सांगितलं. ती म्हणते, तुम्हीच लिहिलं असेल, मनावर ताण होता, आठवत नसेल. मग कराडचा शिक्का कसा, नदीत सोडलेलं पान कुठून आलं? तिचं म्हणणं खरं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण त्या दिवसांतला मी मला चांगला आठवतो. तो असं पत्र लिहिणारा माणूस नव्हता.