कोड ग्रुपवर टाकू नका

कुणी पासवर्ड टाईप करायला लागलं की आमच्या कम्प्युटरवाल्या मॅडम भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. "करा तुमचं, मी बघून न्हाई राह्यले," म्हणायच्या. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत ही चेष्टेची बाब होती. शिपाईसुद्धा त्यांची नक्कल करायचा.

कारण आमच्याकडं पासवर्ड म्हणजे पाण्याचा माठ, कुणीही यावं आणि घ्यावं. वडीगोद्रीच्या गोदामातून कंपनीच्या कम्प्युटरात शिरायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता. तो बाहेर फुटला तर कुणीही घरबसल्या आत येईल, म्हणून मॅडमनी पासवर्डनंतर गोदामातल्या मोबाईलवर कोड यायची सोय केली; तो टाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही. आमच्या शहाण्यांनी काय करावं? कोड आला की लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, कुणाचं काम अडायला नको. खाली जोडलेले हात.

त्या ग्रुपवर नोकरी सोडून गेलेलेही होते. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडं ग्रुपमधून काढणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठवणं. यांना काढा, कोड टाकणं थांबवा, म्हणून मॅडम साहेबांच्या मागं लागल्या. साहेब म्हणाले, "आपलीच माणसं हायेत. तुम्ही लैच संशयी."

पेरणीच्या तोंडावर त्या आपल्याच माणसांतल्या एकानं घरून तोच सगळ्यांचा पासवर्ड टाकला. गोदामात कोड आला, तिथल्यानं सवयीनं ग्रुपवर टाकला. नव्या वाणांच्या चाचण्यांची सगळी माहिती दुसऱ्या कंपनीकडं गेली.

साहेबांनी भर बैठकीत मॅडमना उभं केलं. सुरक्षा तुमच्याकडं होती, राजीनामा द्या. कोड वाटणारे सगळे खाली माना घालून बसलेले. मॅडमच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, घर त्यांच्याच पगारावर चालायचं, हे साहेबांना माहीत होतं. मॅडम इतकंच म्हणाल्या, "मी सांगितल्तं, साहेब." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजही होतो.

महिन्याभरानं त्यांचा मला फोन आला.

"भाऊ, कंपनीच्या कम्प्युटरात माझं नाव अजून चालूच हाये. घरच्या कम्प्युटरवरून मला आत जाता येऊन राह्यलं. जल्दी बंद करायला सांगा."

मी तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते हसले.

"राहू द्या हो. त्या बाई कुठं काही गैर करणार हायेत?"

मंग त्यांना काढलं कशाला, असं मी तोंडावर विचारलं. साहेबांनी बेल वाजवून चहा मागवला.