एल्मा हार्यूचं बोट

एल्मा हार्यूने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ असतो. निसरड्या उतारावर ब्रेक हळूहळू कसा दाबत न्यायचा, हे तिच्या पायाला कुणी शिकवायची गरज नव्हती. बोटाची गोष्ट वेगळी होती.

गावातल्या पिस्तूल क्लबच्या चार जणांच्या संघात ती अकरा वर्षं होती. गेल्या उन्हाळ्यात तिने हौसेने एक दांडगं पिस्तूल चालवून पाहिलं. त्याचा धक्का बोटाने मनाला लावून घेतला. तेव्हापासून आपल्या नेहमीच्या लहान पिस्तुलाचा चाप दाबतानाही, गोळी सुटायच्या आधीच बोट झटका द्यायचं. डोळे मिटायचे. नळी खाली जायची. ऑक्टोबरमध्ये तिची जागा ग्लेन पेकालाला मिळाली. मार्चमध्ये पुन्हा चाचणी होती. एल्माला ती जागा परत हवी होती. एरवी कुणाकडे काही मागणारी बाई नव्हती ती.

मदतीला आला रेइनो नीमी. निवृत्त बेकरीवाला, एका कानाने ठार बहिरा, तिच्या नवऱ्याचा दोस्त. नवरा गेल्यावरही तो दर बुधवारी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन क्लबात यायचा.

उपाय जुनाच होता. रेइनो तिच्याकडे पाठ करून मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरायचा. तीन खरी, दोन पिवळ्या प्लास्टिकची, खोटी. कुठलं कधी येणार हे तिला कळायचं नाही. खोट्यावर नुसतं 'टक्' व्हायचं. चाप नीट दाबला असेल तर अशा वेळी नळी जागची हलत नाही. एल्माची नळी वाकून नमस्कार करायची.

"कुणाला नमस्कार घालतेस?" रेइनो ओरडायचा. "पाद्रीबाबा आलेत का?"

"तू भर गपचूप."

तिसऱ्या आठवड्यात नळी वाकायची थांबली. रेइनोने टाळ्या पिटल्या. "बघा रे, बाईंचा हात दगडाचा झाला!" एल्मा हसली. पण तिला कळून चुकलं होतं. खोटं काडतूस नेहमी दुसरं यायचं, नाहीतर चौथं. बोटाला आधीच ठाऊक असायचं, म्हणून ते शहाण्यासारखं वागायचं. ती बोलली नाही. म्हाताऱ्याचा आनंद तिच्याने मोडवेना.

चाचणीला तीन आठवडे उरले तेव्हा मात्र तिने पिस्तूल खाली ठेवलं.

"रेइनो. दुसरं आणि चौथं."

त्याने बहिऱ्या कानाकडे बोट दाखवलं.

"नाटकं नकोत. मुद्दाम भरतोस ना?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "तुझा चेहरा बघवत नव्हता गं. नळी वाकली की तू अशी दिसायचीस, जणू बस खड्ड्यात घातलीस. पोरांसकट."

"आणि मार्चमध्ये? तिथे कोण दया करणार माझ्यावर?"

"कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास, मेल्या!"

दोघांनी पाव खाल्ला. मग रेइनोने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, काडतुसं तिच्यात टाकली, डोळे मिटून ढवळली आणि तशीच न बघता भरायला घेतली.

"हाताला कळेल तुझ्या," ती म्हणाली. "प्लास्टिक हलकं असतं."

"भट्टीने ही बोटं कधीच मारलीत. उलथनं धरलंय की बायकोचा हात, तेही बघून ठरवावं लागतं मला."

आता दोघं रोज येऊ लागली. नळी पुन्हा वाकू लागली, नऊ दिवस वाकत राहिली. रेइनो दर वेळी "वाकली" म्हणायचा, तिच्या तोंडावर, आणि स्वतः कसनुसा व्हायचा. दहाव्या दिवशी 'टक्' झालं आणि नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा काळा खुंट होता तिथेच राहिला. तो एल्माला दिसला. म्हणजे डोळे उघडे होते.

चाचणी रविवारी झाली. तीस गोळ्या, सावकाश. ग्लेनचे दोनशे अडुसष्ट गुण आधीच फळ्यावर होते. बरोबरी झाली तर जागा त्याच्याकडेच राहणार होती. क्लबच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्याचा निशाण्याचा कागद शेजारच्याने तपासायचा. एल्माच्या शेजारी रेइनो उभा होता.

एकोणतीस गोळ्यांनंतर तिचे दोनशे एकोणसाठ झाले. दहा हवे होते.

शेवटची गोळी सुटली. त्या क्षणी खुंट कुठे होता ते तिने पाहिलं. "उजवीकडे," ती पुटपुटली, "रेषेच्या बाहेर."

तारेवरून कागद परत आला. भोक दहाच्या रेषेला टेकलंय की नाही, नुसत्या डोळ्यांना समजत नव्हतं. टेकलं तर दहा. रेइनोने भिंग लावलं. बराच वेळ तो वाकून राहिला.

"काय रे, पाव भाजतोयस का तिथे?" मागून ग्लेन म्हणाला.

रेइनो सरळ झाला. एल्माच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नऊ."

"नऊच," एल्मा म्हणाली.

रेइनोची पेन्सिल कागदावर टेकेना. एल्माने ती काढून घेतली आणि नऊचा आकडा स्वतः लिहिला.