नागडा हॉल

शिलाताई राठोडचा धंदा मंडप-डेकोरेशनचा, म्हणजे लोकांच्या भिंती झाकायचा. मी अंगद, तिच्याकडं साउंड सांभाळतो. लग्नात तिच्यापासून दहा हातांवर माझा मिक्सर असतो, त्यामुळं तिचा राग मी जितका जवळून ऐकलाय तितका तिच्या नवऱ्यानंही ऐकला नसेल. कनात वाकडी लागली की ती चिडते, नवरदेवाचा मामा खुर्च्या मोजायला लागला की चिडते. पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा राग एका भिंतीवरून आला, आणि त्याबद्दल सांगताना माझाही पारा चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

सिद्धेश्वर धरणाचं काम चालू होतं तेव्हा साहेब लोकांच्या वसाहतीत एक हॉल बांधला गेला. जाडजूड तुळया, उभ्या फटींसारख्या खिडक्या आणि नुसतं काँक्रीट. आत-बाहेर कुठं गिलावा नाही, रंग नाही. वसाहत ओस पडली, क्वार्टरांमध्ये बाभळी उगवल्या, हॉल मात्र उभा राहिला. आता गावची समिती तो लग्नाकार्याला भाड्यानं देते. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे त्याला नागडा हॉल म्हणतात.

तो बांधला शिलाताईच्या तांड्यानं. तिची आई जिवनबाई तेव्हा लग्नाचीही नव्हती. काँक्रीटची घमेली डोक्यावरून वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले ते गेलेच. हॉल उभा राहिल्यावर आत कार्यक्रम झाले ते साहेबांचे. भाषणं झाली, नाटकं झाली, तांड्याला कुणी आत बोलावलं नाही. याचाही शिलाताईला राग होताच.

लग्नवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "ताई, ह्या भिंती आधी झाका." मग आम्ही गुलाबी, पिवळं साटीन छतापासून जमिनीपर्यंत सोडायचो. शिलाताईनं वर्षानुवर्षं हेच केलं. तिची मुलगी आकांक्षा नांदेडला आर्किटेक्चर शिकायला गेली नसती तर पुढंही हेच केलं असतं.

आकांक्षानं एक दिवस फोनवर व्हिडिओ पाठवला. लंडनची इमारत होती, तीही बिनगिलाव्याची. महायुद्धात बॉम्ब पडून तिकडची शहरं मोडली. ती परत उभारताना त्यांनी साध्या माणसांसाठी घरं, वाचनालयं, नाट्यगृहं अशीच उघड्या काँक्रीटची बांधली. जे आहे ते दिसू द्यायचं, असा त्या बांधणाऱ्यांचा हट्ट. तिकडच्या लोकांनीही त्यांना भरपूर नावं ठेवली, काही पाडल्याही. आणि आता? आता तिथं असे हॉल बघायचे दिवस ठरतात. लोक रांग लावून येतात, एक जण पुढं चालत सांगतो, बाकीचे माना वर करून ऐकतात आणि भिंतीवर हात फिरवतात.

"अंगद, ह्ये तर आपल्या हॉलचे भाऊबंद हायेत रे!" असं म्हणून शिलाताई टेम्पोतून उतरली ती सरळ हॉलमध्ये गेली. साटीन टराटरा ओढून काढलं. काँक्रीट ओतताना बांधलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघा भिंतीत उमटल्या होत्या, लाकडाच्या गाठीसुद्धा. त्या रेघा एका भिंतीवरून दुसरीवर जाताना कुठंच चुकत नव्हत्या. हे काम अर्धं सोडलेलं नाही, हे असंच करायचं होतं, हे तिला कळलं. आणि कळल्याबरोबर ती भडकली.

"तिकडं लोक हात लावाया रांगा लावून राह्यले, आन् आमी इकडं साटीन लावून राह्यलो! अक्कल गहाण ठेवली व्हती का आमी?"

त्या दिवसापासून तिनं नागड्या हॉलच्या भिंती झाकणं बंद केलं. पुसेगावचा एक वरबाप तावातावानं म्हणाला, "काहून न्हाई झाकत? पैसे घेता ना?" ती म्हणाली, "झाकायचंच असंल तर सोताचं तोंड झाका. माज्या मायनं वाहिलेलं काँक्रीट मी झाकणार न्हाई." ते लग्न गेलं. आणखीही गेली. मी कपाळाला हात लावला, पण खरं सांगतो, साटीन नसलं की त्या हॉलमध्ये माणसाचा आवाज कसा घुमतो ते मलाही तेव्हाच कळलं.

मग तिनं ठरवलं, आपणही हॉल बघायचा दिवस करायचा. रविवार धरला. आकांक्षा तिच्या वर्गाला घेऊन येणार होती, हिंगोलीहून काही मास्तर येणार होते, मोबाइलवर जाहिरात फिरली. शिलाताई स्वतः पुढं चालून सांगणार होती, आणि आईला पहिल्या रांगेत बसवणार होती. साहेबांनी जिला आत घेतलं नाही तिला पाहुण्यांसमोर मान मिळावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. माझ्या माइकवर तिनं भाषणाची तालीमही केली. असल्या उघड्या काँक्रीटच्या बांधणीला तिकडं ब्रुटलिझम म्हणतात, तो शब्द तिच्या जिभेवर बसेना, तर त्या शब्दालाही शिव्या घातल्या. लंडन, युद्ध, फळ्यांच्या रेघा, सगळं ती मला सांगायची, गिऱ्हाइकांना सांगायची, फोनवर अनोळखी लोकांना सांगायची. तांड्यात मात्र एवढंच बोलली, "रविवारी पाव्हणे येणार हायेत. लय लांबून. आपला हॉल बघाया."

एवढं बोलून आम्ही पुसेगावला मोठ्या लग्नाच्या मंडपाला गेलो. हळदीपासून पाठवणीपर्यंत तिथंच अडकलो. शनिवारी दुपारी टेम्पो वसाहतीत वळला आणि शिलाताईनं मला ब्रेक मारायला लावला.

हॉल गुलाबी झाला होता.

दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत गिलावा करून, ओल्या गिलाव्यावरच रंग फासून तयार. दारावर निळ्या अक्षरात सुस्वागतम. खाली अख्खा तांडा उभा, घराघरांतून माणूस आलेला. शिलाताईचा भाऊ जगन गवंडी आहे. तो थापी हातात घेऊन पुढं आला, मिशीला गुलाबी रंग. "बघ, झालं का न्हाई बराबर? पाव्हणे येणार म्हणलीस, मंग असं उघडं कसं ठिवायचं? दिवसरात राबलो सारे."

पाहुणे यायचे म्हटल्यावर घर सारवायचं, भिंत रंगवायची, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांनी तेच केलं होतं. पण गिलावा धरावा म्हणून जगननं आधी छिन्नीनं सगळी भिंत टोचून काढली होती. फळ्यांच्या रेघा गेल्या, लाकडाच्या गाठी गेल्या. वरचा गिलावा काढला तरी आता त्या परत दिसणार नव्हत्या.

शिलाताईनं जगनच्या हातातली थापी हिसकली आणि भिंतीवर अशी फेकली की गिलाव्याचा पोपडा निघाला. ती काय काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही. गाढवांनो हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. "वाटोळं केलं! माज्या मायच्या कामाचं वाटोळं केलं तुमी!" माझंही रक्त तापलं होतं. चार हात पुढं होऊन मी जगनला धरणारच होतो.

तेवढ्यात जिवनबाई पुढं आली. कोपरापर्यंत सिमेंट लागलेलं. या वयात ती पुन्हा घमेलं वाहत होती.

"त्याला बोलू नको. मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "जवळ्याच्या बाजाराला गेलं की बाया इचारायच्या, तो नागडा हॉल तुमीच बांधला ना? हसायच्या. मला वाटायचं, ठेकेदार पळाला आसंल, काम अर्धं टाकलं आसंल, म्हणून मी मान खाली घालायची. लगीन झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली, मान खालीच. म्हणलं, मराच्या आधी पुरा करू."

"याडी, माय माजी, तो पुराच व्हता गं!" शिलाताई ओरडली. "तसाच करायचा व्हता. लंडनला लोक..."

"लंडनच्या लोकायला ठाव हाय," जिवनबाई म्हणाली. "नांदेडच्या पोरींला ठाव हाय. ह्या अंगदला बी ठाव हाय. तू रोज माज्या चुलीपाशी बसून भाकर खाती. मला सांगितलं व्हतं का कुणी, का तो पुरा हाय म्हणून?"

जिवनबाईनं भिंतीकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. "मंग आता चांगला व्हता तो मीच नासवला म्हणायचा?" असं म्हणून तिनं ओढणी तोंडावर ओढली.

रविवारी पाहुणे आले. मी हॉलपुढंच माइक लावला, खुर्च्याही तिथंच मांडल्या. जिवनबाई पहिल्या रांगेत बसायला तयार नव्हती, शिलाताईनं दंडाला धरून बसवली. आकांक्षाच्या वर्गातली मुलं गुलाबी भिंतीपुढं थबकली. जाड चष्म्याचे एक मास्तर मान हलवत म्हणाले, "अरेरे, कुणी केला हा प्रकार?"

काल दुपारी शिलाताईनं यापेक्षा कितीतरी वाईट शब्द वापरले होते. तिचा राग उतरला नव्हता, तिच्या गळ्याच्या शिरा मला मिक्सरपासून दिसत होत्या. तिनं माइक तोंडाशी धरला.

"ह्यो हॉल माज्या आईनं बांधला," ती म्हणाली, "आन् तिनंच काल पुरा केला. कुणाला काय म्हणायचं आसंल तर मला म्हणा."

जिवनबाईनं ओढणी जराशी वर केली. शिलाताईनं माइक खाली घेतला आणि गुलाबी भिंतीकडं पाठ करून उभी राहिली, कारण तिला ती अजूनही बघवत नव्हती.