समासातला ‘वि’

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अमावस्येला मुद्दाम नवीन चप्पल घेणारी बाई मी, आणि ती चप्पल चांगली तीन वर्षं टिकली. त्यामुळे इथे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं... पण कुठेतरी सांगायलाच हवं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. मी अंधेरीच्या एका कंपनीत मराठी स्टेनो, आणि माझा दादा आमच्या भागातल्या कबड्डी क्लबचा सेक्रेटरी. क्लब म्हणजे मातीचं मैदान, पत्र्याचं ऑफिस आणि त्यामागे एक खोली. तिथे मैदान राखणारे तात्या आणि काकी राहायचे, मूळचे मालवणकडचे. तात्या पहाटे उठून माती चाळायचे, पाणी मारायचे, आणि कोणी चपला घालून आत शिरलं की मालवणीत त्याचा असा उद्धार करायचे की बस्स!

क्लबचा हिरो होता विलास. काय चढाई करायचा! एका बँकेच्या टीममध्ये त्याची निवड जवळजवळ पक्की होती, म्हणजे कायमची नोकरी. पण त्याचा हात फार लवकर उठायचा. एकदा पंचांची कॉलर धरली, एकदा रिक्षावाल्याला बडवलं. दर वेळी क्लबने माफीचं पत्र देऊन प्रकरण मिटवलं.

मग एका सकाळी तात्या मैदानात बेशुद्ध सापडले. पाण्याचा पाईप चालूच, सगळीकडे चिखल, आणि चिखलात मोटारसायकलच्या चाकांच्या खुणा. बरगड्या मोडलेल्या, डोक्याला मार. शुद्धीवर आले, पण वाचा गेली होती, आणि लिहिता तर त्यांना कधीच येत नव्हतं. क्लबमध्ये मोटारसायकल एकट्या विलासकडे. काकींनी ऑफिससमोर बसून आकांत केला, तेव्हा कुठे क्लबने चौकशी लावली. विलासचं म्हणणं एकच — म्हातारा प्यायलेला असणार, स्वतःच पडला असणार. ते खरं ठरलं तर तात्यांचं काम जाणार होतं, आणि ती खोलीही.

चौकशी रविवारी सकाळी अकराला, जवळच्या शाळेच्या वर्गात. लख्ख ऊन. क्लबचे अध्यक्ष, दादा, विलास आणि मी, चौघंच. दादा म्हणाला होता, “शुभा, तूच लिहून घे ना. बाहेरचा माणूस नको यार यात.”

आता स्टेनोचं काम कसं असतं ते सांगते. लघुलिपीत आम्ही शब्द नाही, आवाज लिहितो. काने-मात्रे बरेचसे गाळतो. कानावर पडतं तसा हात चालतो, डोकं मागाहून येतं. कोण बोलतंय ते समासात एका अक्षराने टिपायचं. अध्यक्षांचा ‘अ’, सेक्रेटरीचा ‘से’, विलासचा ‘वि’.

दुपारी घरी टाइप करायला बसले. “मी त्या दिवशी ग्राउंडवर गेलोच नाही,” हे विलासचं वाक्य झालं, आणि त्याखाली दोन ओळी अशा की मला आठवेचनात. अक्षर माझंच. अर्थ लागेना, म्हणून आवाज जुळवत मोठ्याने वाचल्या.

“छातयेवरचो पाय काढ रे. माका श्वास घेवक जमना नाय... पायप तरी बंद कर, मैदान वाया जातला.”

अंगावर सर्रकन काटा आला. हे तात्यांचं बोलणं होतं, थेट त्यांचं! आणि समासात अक्षर होतं ‘वि’. विलास जुन्नरकडचा, त्याला मालवणीचा गंध नव्हता.

धावत दादाकडे गेले. “अरे, सकाळी कोणी मालवणी बोललं का?”

“डोकं फिरलंय का तुझं? कोण बोलणार?”

ती वही मी गॅलरीत नेऊन ठेवली. जेवताना घास घेण्यासाठी उजवा हात उचलायची भीती वाटत होती मला. आपल्याच हाताची भीती... हसू नका, खरंच सांगते.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा बैठक. अहवाल मी वाचून दाखवायचा होता. त्या ओळी वगळाव्यात असं दहा वेळा मनात आलं. पण त्या जागी आले आणि वाचून गेले. माझाच आवाज मला परका वाटत होता. वर बघितलं तर विलासचा चेहरा पांढराफटक.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?” तो ओरडला. “तिथे आम्ही दोघंच होतो!”

मग अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “मी काही ऐकलं नाही. सेक्रेटरी, तुम्ही काही ऐकलंत?”

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “नाही.”

“अरे, आत्ता बोलला ना तो!”

“शुभा, पोराची नोकरी जाईल, क्लबची वाट लागेल. आणि पुरावा काय देणार आपण, भुताने लिहिलं?”

त्या ओळी गाळून ते पान मी परत टाइप केलं. हो, मीच केलं. दादाच्या घरात राहत होते, आणि ती वही कधी एकदा नजरेआड होते असं झालं होतं. दादाने ती बंबात घातली. विलास बँकेत लागला. अहवालात तात्या प्यायलेले होते.

पुढे लघुलिपी शिकवणाऱ्या माझ्या बाईंना विचारलं, एका डॉक्टरांना विचारलं. बाई म्हणाल्या, न ऐकलेलं हात लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. पण ‘पाय काढ’ हे माझ्या मनाला कुठून कळलं? आजही मला माहीत नाही.

खोली रिकामी केली त्या दिवशी टेम्पोत तात्यांना गादीवर आडवं केलं होतं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मी पाय लावून पळणार, तेवढ्यात काकींनी गाठलं.

“गो बाय, थंय लिवक तूच होतंस मां? सगळा लिवलंस मां?”

“हो काकी,” मी म्हणाले. “सगळं लिहिलं.”

“मगे झाला,” काकी म्हणाल्या. “खंयतरी लिवलेला ऱ्हवला.”