जाहेदाभाभी आणि खोल पाणी

जाहेदाभाभी बोटीवर राहायला गेल्या तेव्हा त्यांना पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची हकीकत ऐकली की लोकांना वाटतं, बाई लई धीट असणार. तसं काही नाही. बजाजनगरात त्यांच्या आणि माझ्या खोलीत भिंत एकच आहे. त्या इथं असल्या की पाल दिसली तरी त्यांची किंकाळी मला भिंतीपलीकडून ऐकू येते.

त्यांचं माहेर शहागंजातलं. वडिलांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढचे कापडी पडदे, असली जाड कामं. दाभणानं जाड कापड शिवायला त्या तिथंच शिकल्या. नवरा हबीबभाई वाळूजच्या एका कारखान्यात फिटर, डिझेल इंजिनं उघडून पुन्हा बसवण्यात पटाईत. दोन मुली. बोटीवर गेल्या तेव्हा थोरली उजमा आठ वर्षांची, धाकटी आमरीन तीनची. चौघं घरात दखनीत बोलतात, माझ्याशी मराठीत. भाभींनी मला जसं सांगितलं तसं मी मराठीतच सांगते आहे.

कारखान्यातलं हबीबभाईंचं कंत्राट संपलं आणि सहा महिने काम लागेना. तेव्हा त्यांचे जुने सुपरवायझर अभय सर यांचा फोन आला. अंदमानात एका पुण्याच्या डॉक्टरांची बोट आहे. बेचाळीस फुटांची, शिडाची, पण पोटात डिझेल इंजिन. हिवाळ्यात पाहुण्यांना बेटांवर फिरवायचं आणि उरलेले महिने बोट चालती ठेवायची. त्यासाठी इंजिनाचा जाणकार हवा. हबीबभाई एकटे गेले. दोन वर्षांत शीड सांभाळायला शिकले, परीक्षा देऊन परवाना काढला. मग मालक म्हणाले, बोटीवर जागा रिकामीच असते, बायको-मुलींना घेऊन या.

भाभी तयार नव्हत्या. पण दोन वर्षं बाप फोनमध्येच दिसतो म्हणून आमरीन त्याला ओळखेनाशी झाली होती. दिवाळीनंतर त्या निघाल्या.

पहिल्याच दिवशी पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर त्या अडल्या. धक्का आणि बोट यांच्यात दीड फुटाची फट. फटीत काळंशार पाणी वर-खाली होत होतं. उजमा उडी मारून पलीकडं गेली, आमरीनला बापानं उचलून नेलं. भाभी मात्र पिशवी छातीशी धरून उभ्याच.

"ये ना," हबीबभाई हात पुढं करून म्हणाले. "एक पाऊल आहे."

"खाली किती आहे?"

"काय किती?"

"पाणी. किती खोल?"

हबीबभाईंनी चाकाशेजारच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. त्यावर पाण्याच्या वरपासून तळापर्यंतची खोली दिसते. "अकरा मीटर."

आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली बघावं एवढं. भाभींनी डोळे मिटून पाऊल टाकलं आणि त्या पडद्याशी त्यांचं वैर जडलं. सकाळी उठलं की आधी आकडा बघायचा. पंधरा, तीस, एकदा मोकळ्या समुद्रात तर आकडा येईचना, नुसत्या रेघा. "तळ लागत नाही इतकं खोल आहे," उजमानं हसत सांगितलं. भाभी दिवसभर खालच्या खोलीतून वर आल्या नाहीत.

आमरीनची भीती सगळ्यांत मोठी. पोर सतत पळत सुटणारी आणि बोटीच्या कडेला काय, तर दोन तारा. भाभींनी ताडपत्रीच्या पट्ट्यांचा अंगरखा शिवला, पाठीला कडी लावली, कडीत दोरी ओवली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. स्वयंपाक करताना, नमाज पढताना, फाटलेल्या शिडाला ठिगळ लावताना ती दोरी कमरेलाच. हबीबभाई म्हणायचे, "बकरीसारखं बांधलंस तिला." त्या गाठ आणखी घट्ट करायच्या.

एकदा तिवरांच्या खाडीच्या तोंडाशी बोट उभी होती. सकाळची वेळ. आमरीनच्या हातातली स्टीलची वाटी पाण्यात पडली आणि ती तारेतून वाकून बघायला लागली. पाण्यात एक लाकूड तरंगत होतं, शेवाळलेलं. वाटी पडल्यावर लाकडानं डोळा उघडला. मग ते काही हालचाल न करता खाली गेलं, पाण्यावर साधी वलयंसुद्धा उठली नाहीत. भाभींनी दोरी अशी ओढली की पोर पाठीवर आपटली. त्या मगरीबद्दल मला सांगतानाही त्यांच्या हातातली सुई थांबली होती. "ती गेली नाय हो ताई," त्या म्हणाल्या. "गेली असती तर दिसली असती. ती आमच्या खालीच होती."

हबीबभाई त्यांना बोट शिकवायला बघायचे. त्या नको म्हणायच्या. शेवटी नाइलाजानं एक काम शिकल्या. नांगर उचलताना हबीबभाई पुढच्या टोकाला असतात, तेव्हा मागं चाकाशी कुणीतरी उभं राहावं लागतं. चावी फिरवली की इंजिन सुरू होतं. दांडी पुढं ढकलली की बोट पुढं, मागं ओढली की मागं. यापलीकडं त्यांनी काही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये पाहुणे संपले. बोट धक्क्यावर परत न्यायची होती. वाटेत ते एका निर्मनुष्य बेटाच्या आडोशाला थांबले होते. तीन बाजूंनी प्रवाळाचे खडक, चौथ्या बाजूनं आत यायची चिंचोळी वाट. सकाळी नऊच्या सुमारास नैर्ऋत्येला आभाळ काळं झालं. हबीबभाईंनी एकदा तिकडं बघितलं आणि चहाचा कप तसाच ठेवला.

"जाहेदा, इंजिन सुरू कर. निघायचं."

"आत्ता? वादळ येतंय की."

"म्हणूनच. वारं फिरलं तर नांगर धरणार नाही, सरळ खडकावर जाऊ."

नांगराची साखळी ओढणारी मोटर दोन दिवसांपूर्वी बंद पडली होती, तिचा सुटा भाग धक्क्यावर यायचा होता. म्हणून हबीबभाई हातानंच साखळी ओढायला बसले. भाभींनी आमरीनला खालच्या खोलीत पलंगाच्या पायाला बांधलं, उजमाला तिच्यापाशी बसवलं आणि वर येऊन इंजिन सुरू करून चाक धरलं. अर्धी साखळी वर आली असेल, तेवढ्यात वारं आलं. भाभी म्हणतात, ते वारं नव्हतंच, कुणीतरी भिंत ढकलत आणावी तसं होतं. पावसानं बोटीचं पुढचं टोक दिसेनासं झालं. बोट मागं फेकली गेली, साखळीला हिसडा बसला आणि पुढून हबीबभाईंची ओरड ऐकू आली. एकदाच. नंतर काहीच नाही.

"अजी!" भाभींनी हाक मारली. "अजी, बोला ना!"

चाक सोडावं तर बोट खडकाकडं, न सोडावं तर नवरा पाण्यात पडला की काय तेही कळत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "ताई, त्या वेळी मला वाटलं, मीपण डोळे मिटून बसते. जे व्हायचं ते होऊ दे. खरं सांगते, मी दोन-तीन श्वास तशी बसले."

मग त्यांनी उजमाला हाक मारली.

पोर वर आली. भाभींनी तिला चाकापाशी उभं केलं, दोरीनं तिची कमर चाकाच्या खांबाला बांधून टाकली आणि स्वतः बोटीच्या छतावरून पोटावर सरपटत पुढं निघाल्या. दोन्ही बाजूंना पाणी उसळत होतं. त्यांनी खाली पाहिलं नाही. एका लोखंडी कडीवरून दुसऱ्या कडीवर हात टाकत, तोंडानं कलमा म्हणत त्या टोकाला पोचल्या.

हबीबभाई पाण्यात पडले नव्हते. साखळी ज्यावरून फिरते त्या चक्रात त्यांचा डावा हात अडकला होता. वरून ताणलेली साखळी. दोन बोटं दिसतच नव्हती. चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर होते.

"साखळी सैल कर," ते पुटपुटले. "बोट पुढं... पुढं घे."

बोट पुढं गेली तरच साखळीचा ताण सुटणार. आणि दांडीपाशी आठ वर्षांची पोर.

भाभींनी गळा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं, "उजमा! दांडी पुढं ढकल!"

"किती अम्मी?"

"थोडी! थोडीच!"

इंजिनाचा आवाज वाढला. बोट थरथरली आणि बैल उठावा तशी हळूहळू वाऱ्यात पुढं सरकली. साखळी लोंबली. भाभींनी दोन्ही हातांनी ती उचलून धरली आणि हबीबभाईंनी स्वतःच आपला हात ओढून काढला. भाभींनी ओढणी गुंडाळून तो हात घट्ट आवळला. पाऊस इतका होता की रक्त फळीवर ठरतही नव्हतं.

"आता नांगर?"

"सोडून दे. कापून टाक."

साखळीचं शेवटचं टोक बोटीच्या आत दोरीनं बांधलेलं असतं, अशा वेळी कापता यावं म्हणूनच. शीड शिवायची भाभींची सुरी त्यांच्या कमरपट्ट्यात होती. त्यांनी आधी चक्रावरची साखळी मोकळी सोडली. ती सगळी खडखडत पाण्यात गेली, शेवटी दोरी ताणली गेली आणि त्यांनी ती कापली. बोट मोकळी झाली.

हबीबभाईंना त्यांनी काखेत धरून, कधी ओढत मागं आणलं. ते चाकाशेजारी आडवे झाले. भाभींनी चाक धरलं. समोर पावसाची पांढरी चादर, वाट कुठं आहे ते कळेना.

"उजमा, पडद्यावर काल आपण आलो त्या वाटेची लाल रेघ दिसते?" हबीबभाईंनी विचारलं. "त्याच रेघेवरून परत जायचं. अम्मीला उजवं-डावं सांग. आणि खोली वाच."

उजमा वाचायला लागली. "सहा मीटर. पाच. साडेचार."

इतके महिने भाभी मोठ्या आकड्यांना घाबरत होत्या. आता आकडा कमी होत होता आणि तो वाढावा म्हणून त्या दुआ मागत होत्या. बोटीचं पोट पाण्याखाली पावणेदोन मीटर होतं. त्याच्याखाली पाणी उरलं नाही की खडक.

"तीन," उजमा म्हणाली. तिचा आवाज बदलला. "अम्मी, अडीच. डावीकडं! रेघ डावीकडं आहे!"

भाभींनी चाक फिरवलं. पावसात उजव्या हाताला, अगदी जवळ, पाणी तपकिरी होऊन फुटताना दिसलं. खालून एक घसटल्याचा आवाज आला, दगडावर पातेलं ओढावं तसा, आणि सगळी बोट क्षणभर थांबल्यासारखी झाली. खाली आमरीन रडायला लागली.

"दोन मीटर," उजमा रडत म्हणाली. "दोन. दोन. सव्वादोन. तीन, अम्मी, तीन!"

बाहेर आल्यावर लाटा मोठ्या होत्या, पण खाली वीस मीटर पाणी होतं. हबीबभाईंनी वायरलेसवर मदत मागितली. तासाभरानं एका मासेमारी डोंगीवरच्या माणसांनी आवाज दिला आणि ते पुढं राहून वाट दाखवत गेले. चार तास भाभी चाकाशी उभ्या होत्या. मधे हबीबभाईंचे डोळे मिटायचे आणि उजमा त्यांच्या गालावर पाणी मारायची. भाभी वळून बघत नव्हत्या. बघितलं आणि ते उठले नाहीत तर चाक आपल्या हातून सुटेल, असं त्यांना वाटत होतं. धक्क्यावर पोचल्यावर लोकांनी त्यांची बोटं एकेक करून चाकावरून सोडवली.

इस्पितळात हबीबभाईंची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. जूनमध्ये चौघं बजाजनगरला परतले. पावसाळाभर भाभी कुणाशी फारशा बोलल्या नाहीत. कुकरची शिटी झाली तरी दचकायच्या. माझ्या साडीला फॉल लावता लावता तुकड्या-तुकड्यांत त्यांनी मला हे सगळं सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास मालकांचा फोन आला. बोट दुरुस्त झाली आहे, साखळीची मोटर नवी बसवली आहे, येणार का? शहागंजहून भाभींची आई आली आणि दारातच म्हणाली, "याला जायचं तर जाऊ दे, तू आणि पोरी इथंच राहा." हबीबभाई तीन बोटांच्या हातानं चहाचा कप धरायचा प्रयत्न करत होते. त्या हाताला पकडही नीट येत नव्हती.

"मी नाय गेले तर हे शिडाची दोरी एकटे कशी धरतील, अम्मीजान?" भाभी म्हणाल्या.

"पण तुला भीती वाटते ना?"

"वाटते की. आत्ता बोलतानाही वाटते."

आई रडली, भांडली, संध्याकाळी न जेवता निघून गेली. नोव्हेंबरात भाभी गेल्या. उजमा खुशीत होती, तिनं जाताना मला तीन गाठी बांधून दाखवल्या.

आता दर आठवड्याला भाभींचा फोन येतो. मागच्या रविवारी दुपारी आला होता. आमरीन उजमाच्या पुस्तकातली गाणी म्हणायला लागली, हबीबभाईंचा हात सुधारतोय, असं बोलणं चाललं होतं. मधेच भाभी थांबल्या. फोनमधून काहीतरी सळसळ ऐकू आली.

"ताई, ठेवते. वारं फिरतंय," त्या म्हणाल्या आणि फोन कटला.

मी दोन दिवस त्यांना फोन लावत राहिले. लागलाच नाही. मी काम करत होते, स्वयंपाक करत होते, पण दर थोड्या वेळानं फोन उचलून बघत होते. मंगळवारी दुपारी उजमाचा निरोप आला: "आम्ही सगळे बरे आहोत. अम्मीनं रात्रभर चाक धरलं होतं, आता झोपलीये. उठवू का?"

मी लिहिलं, नको उठवू.