हवाबंद घर

खिडक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे हवाबंद म्हणत. हे नाव ठेवणारा फोरमन केव्हाच निवृत्त झाला, पण नाव काही निवृत्त झालं नाही. तसं ते चुकीचंही नव्हतं. चौकट बसवून झाली की हा माणूस तळहात ओला करून सगळ्या कडांवरून फिरवायचा आणि केसाएवढी जरी गार हवा लागली, तरी अख्खी रबराची पट्टी उपसून पुन्हा लावायचा. सोबतचे कारागीर वैतागायचे, त्यांना घरी जायचं असायचं. गिऱ्हाइकं मात्र पुढच्या वेळी यालाच पाठवा म्हणून सांगायची. निघताना तो प्रत्येक घरी न चुकता बजावायचा की दिवसातून थोडा वेळ तरी खिडकी उघडा, घरालाही श्वास लागतो. स्वतःच्या घरी त्याने हे कधी सांगितलं नाही. बाहेरची हवा थंड असते आणि घर पुन्हा ऊबदार करायला पैसे पडतात.

चिक्कू म्हणून त्याची टिंगल व्हायची, पण तो चिक्कू नव्हता. चिक्कू माणसाला पैशाचं प्रेम असतं. याला भीती होती, आणि ती लहानपणापासून हाडीमासी खिळलेली होती. त्याचे वडील एका मित्राला जामीन राहिले, मित्र पसार झाला आणि एका सकाळी बँकेची माणसं येऊन यांचं सामान फुटपाथवर मांडून गेली. आई गुंडाळलेल्या गादीवर बसून राहिली होती, कारण गादीला एक मोठा डाग होता आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये असं तिला वाटत होतं. आज त्याची शाळकरी मुलगी जेवढी आहे, तेवढाच तो तेव्हा होता. ओळखीचे लोक समोरून मान खाली घालून गेले. त्यानंतर त्याचं आयुष्य म्हणजे त्या फुटपाथपासून लांब पळणं, दुसरं काही नाही.

म्हणूनच कर्ज काढून घर घेतलं त्या दिवशी त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. बायको दारात उभी राहून हसत होती आणि हा भिंतींकडे असा बघत होता, जणू त्या कुणाकडून तरी मागून आणल्यात. बँकेने वीस वर्षं दिली होती. त्याने बायकोला सांगितलं की आपण दहात फेडू. ती बिचारी हो म्हणाली. दहा वर्षं हा शब्द तोंडाने म्हणायला काय लागतं!

मग काटकसरीचं राज्य सुरू झालं. ज्या खोलीत माणूस, तिथेच दिवा. चहाची पावडर दोनदा उकळायची. मुलीच्या फ्रॉकची शिवण दरवर्षी उसवून लांबी वाढवायची, इतकी की जुन्या दुमडीच्या रेघा खोडाच्या वर्तुळांसारख्या मोजता याव्यात. तो कामाला चालत जायचा आणि चालतच यायचा. बायको घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायची, त्याचाही पैसा हप्त्यातच जायचा. ती तोंडाची गोड आणि जिभेची तिखट. आमच्याकडे उंदीरसुद्धा घरून डबा घेऊन येतो, असं ती शेजारणीला सांगायची आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. हाही हसायचा. पण वाढीव हप्ता भरायला जरा उशीर होईल असं वाटलं, की दोन-दोन दिवस तो धड जेवायचा नाही. तेव्हा हसणं बंद व्हायचं. मुलगी पाय न वाजवता चालायला लागायची.

नवव्या वर्षी हिवाळा कडक पडला. त्याने कारखान्यातून कापून उरलेल्या पट्ट्या पिशवी भरून आणल्या आणि एका रविवारी घराच्या सगळ्या फटी बंद केल्या. दारांखालच्या, खिडक्यांच्या, पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथल्या. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवायचं यंत्र होतं. त्याच्या वरच्या बाजूला, भिंतीत, घर बांधणाऱ्याने जाळीचं एक भोक ठेवलं होतं. त्यातून बर्फासारखी हवा यायची आणि आंघोळ करताना मुलगी कुडकुडायची. त्याने त्या भोकात फोमचा तुकडा कोंबला, वरून सिलिकॉनचा गुळगुळीत थर दिला आणि ओला तळहात फिरवून पाहिला. काहीसुद्धा लागलं नाही. मोठ्या समाधानाने त्याने हात पुसले.

बायकोने त्यावर आणखी एक शोध लावला. सगळ्यांच्या आंघोळी आणि कपडे धुणं एकापाठोपाठ उरकायचं आणि न्हाणीघराचं दार सताड उघडं टाकायचं. त्या वाफेची ऊब खोलीत येते, वेगळा हीटर लावायला नको. त्याने तिचं तोंड भरून कौतुक केलं. तसं कौतुक तिच्या वाट्याला वर्षाकाठी एखाद्या वेळी यायचं, त्यामुळे ती रोज तसं करू लागली.

थोड्याच दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. बारीक शिवणकामाने डोळे गेले असतील, चष्मा लागेल, असं तिला वाटलं आणि चष्म्याच्या खर्चाच्या धास्तीने ती गप्प बसली. मुलीला मळमळायचं, ती दप्तर न उघडता पेंगायची. शाळेत गेली की टवटवीत आणि घरी आली की आजारी, हे काही त्याच्या पचनी पडेना. अभ्यास टाळायची नाटकं आहेत, म्हणून तो रागावला. मुलीने खाली मान घालून ऐकून घेतलं. डॉक्टरकडे जाऊ या असं तिने आईला म्हटलं नाही, आईने त्याला म्हटलं नाही. मायलेकी एका घरात राहून एकमेकींपासून आणि त्याच्यापासून दुखणी लपवत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण घराला हातभार लावतोय.

सुट्टीचा दिवस होता. मुलगी घरी होती, पण कारखाना चालू होता. काचेची लॉरी आलीच नाही, तेव्हा मालकाने दुपारआधीच सगळ्यांना घरी पाठवलं. बाकीचे खूश झाले. याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आज अर्धा दिवस, उद्या पूर्ण, मग एक दिवस येऊ नका म्हणतील. बस समोर उभी होती, तरी तो चालत निघाला. नोकरी जाईल, हप्ता चुकेल, ती माणसं दार वाजवतील, आणि या खेपेला गादीवर माझी बायको बसेल. सगळ्या वाटेवर हेच. घर आलं तेव्हा एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

त्याने घंटी वाजवली. कुणी आलं नाही. किल्ली फिरवली, पण आतून कडी होती, त्यानेच बसवलेली, चांगली जाड. त्याने हाका मारल्या, दार बडवलं. मग घराला वळसा घालून तो मागच्या खिडकीशी गेला. काच आतून वाफेने पांढरी झाली होती. तिच्यावरून पाण्याचे ओघळ उतरले होते आणि त्या ओघळांमधून आतलं थोडं थोडं दिसत होतं. शिलाईच्या मशीनचा दिवा भरदिवसा चालू होता. त्याला आधी त्या दिव्याचाच राग आला. मग मशीनवर टेकलेलं बायकोचं डोकं दिसलं, आणि खाली जमिनीवर, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, मुलीचे पाय.

कामाच्या पिशवीत हातोडी होती, ती केव्हा हातात आली ते त्याला कळलं नाही. खिडकी त्यानेच बसवलेली होती, दुहेरी काचेची, घरातली सगळ्यात महाग वस्तू. कारखान्याच्या सवलतीत घेऊनही तिने घाम फोडला होता. हातोडी वर गेली आणि वरच थांबली. त्या काचेची किंमत त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, शेवटच्या आकड्यापर्यंत. दार लाकडाचं आहे, असं त्याच्या मनात आलं. दार तोडलं तर स्वस्तात दुरुस्त होईल. आणि तो खरोखर वळला. दोन पावलं दाराच्या दिशेने चाललासुद्धा.

मग आत काहीतरी पडलं. कात्री असेल, नाहीतर रिळांचा डबा. तो मागे फिरला आणि त्याने काचेच्या कोपऱ्यात घाव घातला, तिथेच ती फुटते. पहिली काच गेली, दुसरी गेली. आतली कोंदट ऊब त्याच्या तोंडावर आली. तिला कसलाही वास नव्हता. आत उडी मारताना हात कापले ते त्याला दिसले नाहीत. त्याने मुलीला उचललं आणि खिडकीतून बाहेर शेजारच्या टॅक्सीवाल्याच्या हातात दिलं, जो काचेचा आवाज ऐकून धावत आला होता. मग बायकोला ओढलं. ती जड झाली होती, ओल्या गोधडीसारखी. टॅक्सीत मुलीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. नाकापाशी बोट धरून तो श्वास लागतो का ते बघत होता. आयुष्यभर हवेची झुळूक शोधून ती बंद करणारा माणूस, एवढीशी झुळूक लागावी म्हणून रडत होता.

मुलगी आधी शुद्धीवर आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बाकावर बसवलं आणि समजावलं की गॅस जळताना हवा कमी पडली की विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला नुसती झोप येते. तुमच्या न्हाणीघरात हवेला वाट नव्हती का, असं त्यांनी विचारलं. होती, असं तो म्हणाला. बाई समजूतदार होत्या. देव तारी म्हणायचं, अजून थोडा जरी उशीर झाला असता तर, एवढं बोलून त्या थांबल्या आणि त्याच्या हाताला टाके घालायला घेतले. तो थोडा म्हणजे किती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. दोन पावलांएवढा तर नव्हे?

संध्याकाळी बायकोने डोळे उघडले. मुलगी पलीकडच्या खाटेवर शांत झोपली होती. डॉक्टरीणबाईंनी आता धोका नाही म्हणून सांगितलं होतं. बायको बराच वेळ मुलीकडेच बघत राहिली. मग तिने त्याचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला आणि काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, भोकाचं, लॉरीचं, दिव्याचं. चूक सगळी माझी, असंही तो म्हणाला. ती दोन पावलं तेवढी सांगितली नाहीत.

"मागची खिडकी फोडलीत?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"हो."

"केवढ्याची होती हो ती?"

"आठवत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पावडरीच्या पुड्यापासून दाराच्या खिळ्यापर्यंत या माणसाला कशाची किंमत आठवत नाही, असं त्यांच्या संसारात एकदाही झालं नव्हतं. त्याने नजर वळवली. आता ही विचारणार हे त्याला कळलं होतं, आणि बँकेच्या कुठल्याही माणसाची त्याला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"फोडायच्या आधी आठवली होती ना?"

खोटं बोलायला वेळ होता. तो बोलला नाही. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली आणि हात काढून घेऊ लागला, कारण आता ती झिडकारेल, मुलीला घेऊन माहेरी जाईल, आणि ते बरोबरच असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

तिने हात सोडला नाही. ती छताकडे बघत होती आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानात उतरत होतं.

"अहो," ती म्हणाली, "मी बाहेर असते ना, तर मलाही आठवली असती."