पत्रक न मिळालेल्या मावशी

सीवूड्स स्टेशनबाहेर मी आमच्या कॉलेजच्या ॲक्शन फिल्मची पत्रकं वाटत होतो. फक्त तरुणांनाच द्यायची, असं आमचं ठरलं होतं. म्हणून तिथे मासे विकणाऱ्या कोळी मावशींना मी वगळून पुढे गेलो. त्यांनी कोयता खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मला थांबवलं.

"मारामारी आमच्या जेट्टीवर केलीत. तुमच्या हिरोनं माझी माशांची पाटी तीनदा उधळली, तिन्ही टायमाला मी भरून दिली. आनि बघायला बोलवताना मी दिसलीच नाय?"

"मावशी, मारधाडीचा पिक्चर आहे..."

"मग? मी काय नुसती भजनं ऐकते?"

मी ओशाळून पत्रक पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"मागून मिलालेलं नको मला."

प्रेक्षक कोण, यावर आम्ही महिनाभर वाद घातला होता. या बाईंचा विचार एकाच्याही मनात आला नव्हता, माझ्यासुद्धा. त्याची चीड अजून जात नाही.